पहिल्या दिवसाचं रक्त

मी एक कुपी बोलतेय. करंगळीच्या दोन पेरांएवढी उंची, निळं झाकण, झाकणावर सतरा हा आकडा आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वीची एक तारीख. पोटात सात थेंब पिवळसर पाणी. रक्त काढून थोडा वेळ तसंच ठेवलं की तांबडं खाली बसतं आणि वर हे पाणी राहतं. डॉक्टर लोक त्याला सीरम म्हणतात. इतकी वर्षं ते माझ्यात दगडासारखं गोठलेलं होतं. आज दुपारी मला फ्रीझरमधून काढून टेबलावरच्या स्टँडमध्ये उभं केलंय आणि मी वितळतेय. पूर्ण वितळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील. तेवढ्यात माझी हकिकत सांगून होईल.

बाहेरच्या खोलीत बाकावर एक बाई बसली आहे. गेली सोळा वर्षं तिला एकच प्रश्न छळतोय: नवऱ्याला आपणच मारलं का. त्याचं उत्तर माझ्यात आहे. आणि जिनं हे उत्तर सोळा वर्षं दडवून ठेवलं, तिचंच मी रक्त आहे. ती सैन्यातली जंतूंची डॉक्टर, हुद्द्यानं कर्नल. सगळे तिला मॅडम म्हणतात. मी मात्र तिला अगं-तुगं करते. सख्ख्या रक्तानं कुठे अहो-जाहो करायचं.

माझा जन्म तिच्या इथल्या पहिल्याच दिवशी झाला. या प्रयोगशाळेची रीत अशी की नवा माणूस आला की आधी त्याचं रक्त घ्यायचं, मग त्याला खुर्ची द्यायची. ते रक्त गोठवून ठेवायचं. पुढेमागे तो आजारी पडला तर नवं रक्त काढून जुन्याशी ताडून बघायचं. जुन्यात रोगाची खूण नाही आणि नव्यात आहे, म्हणजे रोग इथे आल्यावर लागला. आम्ही कुप्या म्हणजे साक्षीदार. फक्त आमची साक्ष कधी काढायला लागू नये, अशीच सगळ्यांची इच्छा असते.

रक्त काढलं तात्यानं. तो इथला टेक्निशियन, हुद्द्यानं हवालदार. तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता, पण न मागता सल्ला द्यायची खोड असल्यामुळे सगळे त्याला तात्या म्हणत.

"कॅप्टन मॅडम, मूठ आवळा. अजून. भांडायला निघाल्यासारखी."

"ही कुपी बाहेर कधी काढतात, तात्या?"

"रिटायर होताना. नष्ट करायला." त्यानं सुई काढून कापूस दाबला. "मधेच काढायची वेळ आली, तर समजायचं आपलं काही खरं नाही."

ती हसली. सव्वीस वर्षांची होती. नवी टोपी डोक्यावर नीट बसत नव्हती आणि ती आरशाऐवजी खिडकीच्या काचेत बघून पुन्हा पुन्हा ती सरळ करत होती. त्या दिवशी मी तिला जशी पाहिली, तशीच ती माझ्यात राहिली. ती पुढे गेली, मी सव्विसावरच थांबले.

फ्रीझर याच खोलीच्या कोपऱ्यात आहे. दाराची रबरी पट्टी एका जागी फाटलेली. तात्या दर वर्षी तक्रार लिहायचा आणि दर वर्षी कुणीतरी येऊन "बघतो" म्हणून जायचं. त्या फटीतून आम्हाला खोलीतलं सगळं ऐकू यायचं. दिसायचं फक्त दार उघडल्यावर. त्यामुळे माझी माहिती म्हणजे बहुतेक कानानं गोळा केलेली आहे, पण ती पक्की आहे. गोठलेल्या माणसाला दुसरं काम काय असतं.

पहिल्याच दुपारी तिच्या आईचा फोन आला. एवढं शिकून माणसं तपासायची सोडून जंतू कसले बघत बसतेस, असं आई विचारत असावी. कारण ती म्हणाली, "अगं आई, माणसं खोटं बोलतात. दुखतं एकीकडे, सांगतात भलतीकडे. जंतू खोटं बोलत नाहीत." हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलंय.

कामाला ती वाघ होती, हे कबूल केलंच पाहिजे. सैन्यात गोळीपेक्षा ताप जास्त माणसं आडवी करतो, असं ती नव्या लोकांना सांगायची, आणि त्या तापाच्या मागे हात धुऊन लागायची. कुठल्या तळावर उलट्या सुरू झाल्या, कुठल्या चौकीवर जखमा भरेनात, की ती पेटी उचलून निघालीच. एका तळावर तीनशे जवान जुलाबानं लोळत पडले होते. सगळे पाण्याच्या टाकीमागे लागलेले. हिनं चौथ्या दिवशी बोट ठेवलं ते भटारखान्यात ताटं पुसायच्या फडक्यावर. फडकं जाळलं, साथ थांबली. परत आल्यावर तात्यानं मला आणि माझ्या शेजारणींना दार उघडून ही बातमी दिली. बर्फ खरवडताना कुप्यांशी बोलायची त्याला सवय होती. माझ्या मागच्याच ओळीत त्याची स्वतःची कुपी होती, नऊ नंबरची.

आता तिच्या नाकाबद्दल सांगायला हवं. सगळं तिथेच फिरलं.

जंतू काचेच्या झाकणाच्या बशीत वाढवतात. खाली खरवसासारखा थर, त्यावर ते ठिपक्याठिपक्यांनी उगवतात. जुन्या लोकांना एक खोड होती. झाकण जरासं उचलायचं आणि बशी नाकाशी न्यायची. कुठल्या जंतूला पिकल्या द्राक्षांचा वास, कुठल्याला उंदराच्या बिळाचा, कुठल्याला करपलेल्या साखरेचा. तिला हे तिच्या आधीच्या म्हाताऱ्या कर्नलांनी शिकवलं. नुसत्या वासावर ती जे नाव सांगायची, ते दोन दिवसांनी तपासणीत बरोबर निघायचं. तिच्या नाकाची कीर्ती दुसऱ्या प्रयोगशाळांपर्यंत गेली. भिंतीवर "बशी हुंगू नये" अशी पाटी होती. ती पाटी नवख्यांसाठी आहे, असं मनातल्या मनात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

तात्याला तिनंच शिकवलं. तोही तरबेज झाला. दोघं पैजा लावायचे. हरणाऱ्यानं चहा करायचा. बहुतेक चहा तात्याच करायचा.

ती अडतीस वर्षांची, मेजर झालेली, तेव्हा डोंगरातल्या एका चौकीवरून रक्ताची पेटी आली. अकरा जवानांना महिनाभर ताप येत-जात होता. चढायचा, उतरायचा, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा चढायचा. जवानांनीच त्याचं नाव ठेवलं होतं, येरझाऱ्या ताप. बशा घातल्या. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दवासारखे बारीक ठिपके उगवले.

तिनं झाकण उचललं. मी ऐकत होते. एक खोल श्वास. मग दुसरा.

"कशाचाच वास नाही रे. तुला येतो का बघ."

तात्यानंही श्वास घेतला, चांगला ओढून. "नाही मॅडम. पाणी हुंगल्यासारखं वाटतंय. पैज रद्द."

दुसऱ्या दिवशी तिनं ते जंतू मायक्रोस्कोपखाली पाहिले आणि लगेच बशीचं झाकण चिकटपट्टीनं बंद केलं. ज्याला वास नसतो आणि जो श्वासातूनच अंगात शिरतो, असा तो जंतू होता. शेळ्यामेंढ्यांत असतो, कच्च्या दुधातून माणसाला लागतो. प्रयोगशाळेत तो लागतो बहुतेक नाकातूनच.

"मॅडम," तात्या म्हणाला, "रजिस्टरमध्ये लिहायचं का?"

तो अपघात रजिस्टरबद्दल विचारत होता. काही सांडलं, फुटलं, टोचलं की त्यात लिहायचं आणि तीन आठवडे गोळ्या घ्यायच्या. लिहिल्याशिवाय स्टोअरमधून गोळ्या मिळत नाहीत.

"काय लिहायचं? हुंगली म्हणून?" ती म्हणाली. "फुटलं नाही, सांडलं नाही. माझं बढतीचं बोर्ड दीड महिन्यावर आलंय तात्या. सगळीकडे हसं होईल. आणि दर वेळी लागतोच असं कुठे आहे? आधी काय कमी हुंगल्यात आपण? ताप आला तर लगेच सांग मला, म्हणजे झालं."

"बरं," तात्या म्हणाला.

त्या "बरं"चा मला आजही राग येतो. एवढा सल्ले देणारा माणूस, आणि नेमका तेव्हा मूग गिळून बसला.

पाचव्या आठवड्यात तिला संध्याकाळचा ताप भरू लागला. कंबर धरली, घामानं कपडे भिजायला लागले. तिनं ओळखलं. बाहेरच्या दुकानातून स्वतःच्या नावानं गोळ्या आणल्या आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण एक गोष्ट तिनं केली, ती का केली ते तिचं तिलाच माहीत. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना, फ्रीझरचं दार उघडं ठेवून, दंडाला बांधलेल्या रबरी पट्ट्याचं टोक दातात धरून तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं रक्त काढलं. त्याची कुपी केली. तिच्यावर नाव नाही, नंबर नाही, फक्त तारीख. ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खाचेत ठेवली. मी तिला धाकटी म्हणते. एकाच रक्ताच्या आम्ही दोघी, फक्त धाकटीनं जे पाहिलं होतं ते मी पाहिलेलं नव्हतं.

त्याच दिवशी तिनं तात्याला विचारलं, "तुला काही होत नाही ना रे?"

"ठणठणीत आहे, मॅडम. मला काय धाड भरलीय."

ते खोटं होतं. आठवड्यापूर्वीपासून तो माझ्यासमोरचा बर्फ खरवडताना धापा टाकत होता. हातमोज्यातून हाताची उष्णता कळत होती. दार उघडं ठेवून तो थंडाव्याला कपाळ लावून उभा राहायचा. एकदा माझ्या झाकणावरचा बर्फ पुसत हळूच म्हणाला, "सतरा नंबर, तुझ्या बाईची बढती होऊ दे एकदा. आत्ता बोललो तर दोघांची चौकशी लागेल. चौदा दिवसांचा प्रश्न आहे. मग घेतो गोळ्या."

हे तिला ठाऊक नाही. हे फक्त मला आणि नऊ नंबरला ठाऊक होतं.

तो ठणठणीत आहे यावर तिनं विश्वास ठेवला. तिला ठेवायचाच होता. बारा वर्षं ज्याच्यासोबत एका टेबलावर काम केलं, त्याचा उतरलेला चेहरा जंतूंच्या डॉक्टरला दिसत नाही, हे मी तरी मान्य करणार नाही.

बढती झाली, ती लेफ्टनंट कर्नल झाली. पेढे वाटले. तात्यानं दोन मागून घेतले, बायको आणि मुलीसाठी. चार दिवसांनी तो फ्रीझरचं दार धरून खाली बसला तो उठलाच नाही, उचलून न्यावा लागला. ताप हृदयाच्या झडपेवर जाऊन बसला होता. पाच आठवडे इस्पितळात काढले. ती रोज जायची. औषधं तिनंच निवडली, आणि ती बरोबर होती, पण उशीर झाला होता. चाळीसही पुरी झाली नव्हती त्याची.

चौकशी याच खोलीत झाली. दोन अधिकारी, एक कारकून. खुर्च्या सरकल्याचा आवाज, कागदांचा आवाज.

"प्रयोगशाळेत काही अपघात?"

"रजिस्टर समोर आहे. बघा ना," ती म्हणाली.

बघा, वाक्य खोटं नव्हतं. रजिस्टर समोर होतं आणि ते कोरं होतं.

"घरी जनावरं?"

"त्याच्या बायकोनं दोन शेळ्या पाळल्यात," कारकून म्हणाला.

"दूध पितात?"

"घरातलंच पितात, साहेब."

"मग प्रश्नच मिटला," अधिकारी म्हणाला, आणि कारकुनानं लिहिलं: संसर्गाचं ठिकाण, घर. तिनं सही केली. पेन घासल्याचा आवाज आला, मग टोपण लावल्याचा.

त्याच दुपारी जनावरांच्या डॉक्टरची गाडी जाऊन दोन्ही शेळ्या मारून आली. त्यांचं रक्त तपासायला पाच मिनिटं लागली असती. कुणी तपासलं नाही, आणि ज्या एकीला ते सुचायला हवं होतं, तिनं सुचवलं नाही. आठवड्यानं तिनं नऊ नंबरची कुपी बाहेर काढली. माणूस गेला, फाइल बंद झाली, की कुपी ऑटोक्लेव्हमध्ये म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरात घालून नष्ट करायची असा नियम आहे. ते काम शिपायाचं. तिनं ते स्वतः केलं. मागच्या खाचेत मोकळी जागा राहिली, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच रक्ताची किळस आली.

मग तात्याची बायको त्याचं सामान न्यायला आली. एक डबा, एक कंगवा, चष्म्याचं घर, पांढरा कोट. कोट मिळाला नाही. तोही नियमाप्रमाणे जाळला होता.

"मॅडम, मी दूध तापवत होते हो," बाई म्हणाली. "रोज तापवत होते. पण मुलगी लहान, कधी कधी घाईत खाली उतरवलं असेल. एखाद दिवस उकळी आली नसेल का?"

मी माझ्या खाचेत ओरडत होते. गोठलेल्याचं ओरडणं कोणाला ऐकू जातं.

"मनाला लावून घेऊ नका, वहिनी," ती म्हणाली.

असं म्हणाली. नाही आली असेल, असंही म्हणाली नाही. आली असेल, असंही नाही. आणि ती बाई डबा, कंगवा, चष्म्याचं घर घेऊन, नवरा आपल्या चुलीनं मेला असं समजून निघून गेली.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं चांगलंच जास्त आहे आणि तेच मला सोसत नाही. ती कर्नल झाली, या इमारतीची प्रमुख झाली. येरझाऱ्या तापावर तिनं इतकं काम केलं की डोंगरातल्या चौक्यांवर तो आता औषधालाही सापडत नाही. शेकडो जवान तिच्यामुळे धडधाकट घरी गेले, हे खरं आहे. हुंगण्याची खोड तिनं मुळासकट उपटली. एका लेफ्टनंटनं गंमत म्हणून बशी नाकाशी नेली, तर त्याला तिनं त्याच दिवशी इथून हलवला. नव्या लोकांना वाटायचं, मॅडम शिस्तीच्या आहेत. चहाच्या पैजा बंद झाल्या. ती चहा एकटीच प्यायची, खोलीत, दार लावून.

वर्षातून एकदा, तात्या गेला त्या तारखेला, ती फ्रीझर उघडायची. मला एका हातात, धाकटीला दुसऱ्या हातात घ्यायची. दर वर्षी हाताची पकड थोडी सैल, केस थोडे पांढरे. दर वर्षी मी म्हणायचे, आज. मग बोटं गार पडली की ती आम्हाला परत खाचेत ठेवायची. असं पंधरा वेळा झालं. या शुक्रवारी ती निवृत्त होणार. सभागृहात समारंभ आहे, खुर्च्या आल्यासुद्धा. आणि नियमाप्रमाणे त्याच दिवशी मी कुकरात जाणार होते. ती मला वाचवणार नाही, अशी माझी खात्री झाली होती. खोटं कशाला बोलू.

आज दुपारी तात्याची बायको आली. निरोप घ्यायला, म्हणाली. थोडं इकडचं तिकडचं बोलली.

"एक विचारायचं होतं. मुलीला मुलगा झालाय. चार महिन्यांचा आहे."

"अरे वा. छान झालं, वहिनी."

"मी त्याला घेत नाही. म्हणजे मांडीवर घेते कधी, पण माझ्या हातानं काही पाजत नाही, भरवत नाही. मुलगी म्हणते, आई, अशी काय करतेस. तिला कसं सांगू? बाबांना मीच पाजलं, हे तिला कसं सांगू? हात धुते मी. खूप वेळा धुते. तुम्ही यातल्या जाणत्या. इतकी वर्षं झाली, आता माझ्या हातातून गेलं असेल ना हो ते?"

तेव्हाच फ्रीझरचं दार उघडलं. तिनं बोटं गार पडायची वाट पाहिली नाही. मला आणि धाकटीला काढून टेबलावर ठेवलं, बाईला म्हणाली, "जरा बाहेर बाकावर बसा वहिनी. जाऊ नका," आणि बाहेर जाऊन तिच्या दंडातून रक्त काढून आणलं.

माझं बोलणं इथवर आलं आणि मी वितळलेही. आता पुढचं समोरच घडतंय.

तिनं बाईला आत बोलावून स्टुलावर बसवलंय. बाईचे हात मी पहिल्यांदाच पाहतेय. सालपटं निघालेली, बोटांच्या बेचक्यात भेगा. टेबलावर पांढरी गुळगुळीत टाइल आहे. तिच्यावर तीन थेंब पडतात. पहिला माझा, दुसरा धाकटीचा, तिसरा बाईचा. प्रत्येकात एक थेंब गुलाबी औषध. काडीनं ढवळून ती टाइल हातात घेऊन हळूहळू डोलवतेय. चार मिनिटं. एवढंच. सोळा वर्षं जे झालं नाही त्याला चार मिनिटं लागतात.

"बघा," ती म्हणाली.

माझा थेंब तसाच गुळगुळीत. बाईचाही. मधल्या थेंबात मात्र कण धरले होते, दूध फाटल्यावर धरतात तसे.

"हे फाटलं," बाई म्हणाली.

"हा रोग. हा पहिला थेंब माझा, इथे आले त्या दिवशीचा. रोग नाही. हा मधलाही माझाच, तात्याला ताप यायचा त्याच महिन्यातला. हा तुमचा, आत्ताचा. तुमच्या थेंबावर मी शपथ घेणार नाही, फार वर्षं झाली. पण माझ्या दोन थेंबांवर घेते. मलाही तेव्हाच तोच रोग झाला होता, वहिनी. आणि मी तुमच्या घरी कधी आले नाही. तुमच्या शेळ्यांचं दूध मी थेंबभरही प्यायलेलं नाही."

बाईला समजायला वेळ लागला. "मग ह्यांना कुठून झाला?"

"इथून. या टेबलावरून. मी एक बशी हुंगली. वास आला नाही, म्हणून त्याला हुंगायला सांगितली. दुसऱ्या दिवशी मला कळलं ते काय होतं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, म्हणून त्याला गोळ्या मिळाल्या नाहीत."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं? मी डबा न्यायला आले तेव्हा?"

"हो."

बाई टाइलकडे बघत राहिली. रडली नाही. आवाजही चढवला नाही.

"मग शेळ्या कशाला मारल्या?" तिनं विचारलं. "एक गाभण होती."

कर्नलनं टाइल खाली ठेवली आणि ती कपाटाकडे गेली.

तिनं कपाटातून ते जुनं अपघात रजिस्टर काढलं. सोळा वर्षांपूर्वीच्या पानावर, तारखेसमोरच्या कोऱ्या ओळीत लिहिलं, आजची तारीख बाजूला घालून सही केली. बाईनं ओळीवर बोट ठेवलं. "वाचा."

"संशयित बशी हुंगली. आधी मी. नंतर माझ्या सांगण्यावरून हवालदारानं. नोंद केली नाही. दोघांनाही संसर्ग झाला."

"परत वाचा."

तिनं परत वाचलं.

"शुक्रवारी सगळे येणार ना, मोठे साहेब वगैरे?" बाई म्हणाली. "तेव्हा वाचा. मी मुलीला घेऊन येते. पहिल्या रांगेत बसवा आम्हाला."

"वाचते," ती म्हणाली.

ती वाचेल का, हे मला विचारू नका. मी सव्विसाव्या वर्षीची आहे. त्या मुलीनं नक्की वाचलं असतं. आता मात्र तिच्या हातात फार काही उरलेलं नाही, कारण तिनं मला आणि धाकटीला बर्फाच्या डब्यात घातलंय, सोबत त्या पानाची प्रत आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या नावाचं पत्र. तिथे आमची पुन्हा तपासणी होईल, परक्या माणसांकडून. माझ्यात सहा थेंब आहेत. ते संपले की मी संपले, आणि त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की तात्या माझ्यासमोर कपाळ टेकून काय बोलला, ते सहा थेंबांत कुठल्याच तपासणीला सापडणार नाही. म्हणून ते तुम्हाला सांगून ठेवलं. तुम्ही तरी विसरू नका. आणि ज्याचं ओझं दुसराच कुणी वाहतोय असं उत्तर तुमच्याही घरात कुठे गोठवून ठेवलेलं असेल, तर तारखेची वाट बघू नका. आमच्यासारख्यांना बाहेर काढा.

डब्याचं झाकण लागायच्या आधी मला दार दिसलं. बाई निघाली होती. दाराशी बेसिन आहे, वर पाटी आहे, बाहेर जाताना हात धुवावेत म्हणून. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं कर्नल म्हणाली, "वहिनी, हात तेवढे—"

बाईनं नळाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"नको," ती म्हणाली. "पुष्कळ धुतले." आणि तशीच घरी गेली, नातवाकडे.